चिटणिसाचा पहिला मासा

वॉलेस टिबेट्स आयुष्यात कधी खोटे बोलला नव्हता. त्याचा सगळा घोटाळा तिथेच होता. खोटे बोलायची थोडी सवय असती तर जानेवारी महिन्यातल्या त्या सोमवारी टपालात आलेले पत्र वाचून त्याच्या तोंडचे पाणी पळायचे काही कारण नव्हते.

पत्र अभिनंदनाचे होते. ॲल्डर फॉल्स स्टीलहेड मंडळाचा यंदाचा 'चांदीची माशी' हा मान मंडळाचे चिटणीस श्री. टिबेट्स यांना एकमताने देण्यात येत आहे, तरी शनिवारी संध्याकाळी वार्षिक जेवणाला सपत्नीक यावे, असा मजकूर होता. खाली अध्यक्ष रसेल हॅगर्टीने स्वतःच्या हाताने लिहिले होते, 'वॉली, पहिल्या माशाची गोष्ट तयार ठेव. सगळे वाट बघताहेत.'

हा त्या मंडळाचा रिवाज. ज्याला चांदीची माशी मिळते त्याने जेवणाच्या मध्यात उभे राहायचे आणि आपण पकडलेल्या पहिल्या स्टीलहेड माशाची गोष्ट सांगायची. तोपर्यंत सगळ्यांचे काटे-चमचे खाली. कुठली नदी, कुठले साल, गळाला कुठली पिसांची माशी लावली होती, मासा किती वेळा धावला, असे प्रश्न विचारायची सगळ्यांना मोकळीक असते. म्हातारे सभासद तर हा दिवाणी खटलाच असल्यासारखे विचारतात.

आता अडचण एवढीच होती, की वॉलेसने आजवर एकही स्टीलहेड पकडलेला नव्हता.

तेरा हिवाळे तो टिलिकम नदीत उभा होता. आठ वर्षे मंडळाचा चिटणीस होता. मंडळाच्या पत्रिकेत दर महिन्याला त्याचा लेख असायचा, 'थंड पाण्यात माशी कशी फिरवावी', 'मासा लागल्यावर काय करू नये'. लेख उत्तम असत, लोक कापून ठेवत. त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते, सगळे पुस्तकांतून, जाणत्यांकडून आणि स्वतःच्या भिजलेल्या अनुभवातून आलेले होते. फक्त 'तुम्ही स्वतः पकडलाय का हो?' असे त्याला कुणी कधी विचारले नव्हते. पोहण्यावर भाषण देणाऱ्याला, तुम्हाला पोहता येते का, असे कोण विचारतो?

ज्यांना या माशाची ओळख नाही त्यांना यात एवढे काय असे वाटेल. स्टीलहेड म्हणजे ट्राउटच, पण घर सोडून समुद्रात गेलेला, तिथे दोन-तीन वर्षे खाऊन-पिऊन पैलवान झालेला आणि मग जन्मगावी परत आलेला. नदीत शिरला की तो जवळजवळ जेवण सोडतो. त्याला पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी दाखवून भुलवायचे, म्हणजे उपास धरलेल्या माणसापुढे लाकडाचा लाडू ठेवण्यासारखे आहे. तो बहुधा बघत नाही. पण कधीतरी, देवाला ठाऊक का, रागाने म्हणा की जुन्या आठवणीने म्हणा, धाडकन धरतो. याला हजार फेकींचा मासा म्हणतात. वॉलेसचे पहिले हजार कधीच संपले होते.

तरी तो जात होता. बर्फासारख्या पाण्यात कमरेएवढे उभे राहायचे, दोन हातांनी धरायची गळाची लांब काठी फिरवायची, दोरी नदीवर आडवी सुटलेली बघायची आणि ती प्रवाहाबरोबर हळूहळू वळत असताना श्वास धरून थांबायचे. त्या वळणात प्रत्येक क्षणी काहीतरी होणार असते. वॉलेसला जगात दुसरे काहीही इतके आवडत नव्हते, आणि हे त्याने बायकोलाही कधी सांगितले नव्हते.

बायकोला, म्हणजे जोलीनला, पत्र वाचून आनंद झाला. "निळा ड्रेस घालते," ती म्हणाली. मग नवऱ्याचे तोंड बघून म्हणाली, "का रे? काय झालं?"

तिला खरे माहीत होते. घरात एकही मासा आला नाही हे बायकोला कळल्याशिवाय कसे राहील? पण पकडतो आणि सोडून देतो, असा तिचा सुरुवातीला समज होता. तो त्याने चौथ्या वर्षी दूर केला होता.

"सांगून टाक ना," ती म्हणाली. "नाही पकडला म्हणावं. मासाच आहे, खून नाही."

"आठ वर्षं मी त्यांना मासे कसे पकडायचे ते शिकवतोय, जोलीन."

"मग पाच दिवस आहेत. जा आणि पकड."

घोडामैदान जवळच होते. वॉलेसने विमा कंपनीतल्या नोकरीवर आठवड्याची रजा टाकली आणि मंगळवारी पहाटे गाडीत सामान भरायला घेतले. एवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचा ग्लेन पेकहॅम हातात कॉफीचा मग घेऊन उगवला. ग्लेन गाबोळी लावून मासे पकडतो. सालमनची लालभडक अंडी जाळीत बांधायची, बुडवायची आणि बोटीत बसून सँडविच खायचे. त्याच्या फ्रीजरमध्ये आइसक्रीमला जागा नसते.

"वॉली, आज कशाला जातोस? रात्रभर पाऊस पडलाय, नदी चॉकलेटी झाली असेल."

"बघतो."

"एक काम कर. पिसं-बिसं ठेव घरी. मी तुला वाटीभर गाबोळी देतो. दहा मिनिटांत मासा. कुणाला सांगणार नाही, आईशपथ."

"ग्लेन, मी मंडळाचा चिटणीस आहे."

"तेच म्हणतोय मी! आता तरी एखादा पकड!"

ग्लेनला काही माहीत नव्हते, तो सगळ्यांशीच असे बोलतो. पण चोराच्या मनात चांदणे. वॉलेसने गाडीचे दार इतक्या जोरात लावले की काठीचे टोक मध्ये सापडून मोडले.

दुसरी काठी होती, ती जुनी आणि जड. नदी खरोखरच चॉकलेटी होती. त्या पाण्यात माशी टाकणे म्हणजे अंधाऱ्या खोलीत डोळा मारणे. तरी वॉलेस चार तास उभा राहिला. तिसऱ्या तासाला त्याच्या छातीपर्यंतच्या रबरी विजारीला डाव्या गुडघ्याशी भोक असल्याचे त्याला कळले. चौथ्या तासाला डावा पाय आहे की नाही हेच कळेना.

बुधवारी पाणी निवळू लागले, तर नदीच बंद! माशांची मोजदाद चालू असल्याने आज उतरू नये, अशी पाटी पुलावर लटकत होती. दिवस फुकट जाऊ नये म्हणून वॉलेस मासेमारी खात्याच्या ऑफिसात गेला. तिथूनही त्याला पत्र आले होते. इथे प्रत्येकाने वर्षभर आपल्या परवान्याच्या कार्डावर पकडलेला मासा लिहायचा आणि शेवटी कार्ड परत करायचे असते. वॉलेसची कार्डे दरवर्षी कोरी जात. यंदा कुणा नव्या, उत्साही माणसाने जुन्या नोंदी काढून बघितल्या होत्या आणि 'आपण कार्ड भरायला विसरत आहात काय?' अशी नम्र विचारणा केली होती.

खिडकीतल्या बाईचे नाव डार्लीन होते आणि आवाज फुटबॉलच्या मैदानावर शोभेल असा होता.

"टिबेट्स! हां, कोरी कार्डं तुमचीच का? विसरलात भरायला?"

"नाही," वॉलेस हळूच म्हणाला. "कार्डं बरोबर आहेत."

"काय म्हणालात?"

"बरोबर आहेत म्हटलं."

"म्हणजे शून्य?"

"शून्य."

"सगळ्या वर्षी? मग हा फॉर्म भरा. इथे सही. इथे अक्षरी लिहा, शून्य. मोठं लिहा, वाचता यायला पाहिजे."

त्याने मोठे लिहिले. मागे वळला तर रांगेत नुकताच येऊन उभा राहिलेला तिसरा माणूस रसेल हॅगर्टी! मंडळाचा अध्यक्ष, सहा फूट चार इंच, दोन्ही कानांनी उत्तम ऐकू येणारा.

"शून्य ना?" रसेल म्हणाला आणि त्याने वॉलेसच्या पाठीवर थाप मारली. "माझंही शून्य. फार वाईट वर्ष गेलं बाबा. बरं आहे, शनिवारी तू जुनी गोष्ट सांगणारेस." आणि डोळा मारून म्हणाला, "माझी बायको म्हणते, टिबेट्सचा पहिला मासा नक्की पुस्तकासारखा असणार."

गुरुवारी पाणी हवे तसे हिरवे झाले होते. वॉलेस अंधारातच निघाला, नदीवर पोचला, उतरला आणि पहिल्याच फेकीला वाऱ्याने माशी परत येऊन त्याच्या कानाच्या पाळीत बसली. गळाला उलटा काटा नसावा असा इथला नियम आहे, म्हणून ती निघाली तरी. पण कान धरून काठावर येताना शेवाळावरून पाय घसरला आणि तो पाण्यात बसला. विजारीत पाणी शिरले. उरलेला दिवस त्याने गाडीत हीटर लावून दात वाजवत काढला.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता तो चर्चखालच्या टप्प्यावर पोचला. चर्चखालचा टप्पा म्हणजे टिलिकममधले सगळ्यात देखणे पाणी. वर उथळ खळखळ, मग हळूहळू खोल होत जाणारी धार आणि शेवटी बुडालेल्या मोठ्या खडकामागे काळेशार संथ पाणी. मासा असेल तर त्या खडकामागे. उजेड पाच वाजेपर्यंत. आणि धारेच्या वरच्या टोकाला, पाण्यात, हिरवी टोपी घालून बर्निस ओकरलंड उभ्या होत्या.

इथे या लोकांचा एक कायदा सांगितला पाहिजे. तो कुठे लिहिलेला नाही आणि सरकारच्या सगळ्या कायद्यांपेक्षा कडक आहे. टप्प्यावर कुणी आधी असेल तर त्याच्या वरच्या बाजूने उतरायचे, त्याच्या मागून. एक फेक, एक पाऊल खाली, एक फेक, एक पाऊल खाली. सगळे एकामागून एक सरकत राहतात आणि प्रत्येकाला सगळे पाणी मिळते. पुढच्या माणसाच्या खालून मध्येच घुसणे, म्हणजे त्याच्या तोंडचा घास पळवणे. चोरी केलेल्याशी लोक इथे बोलतात, घटस्फोट घेतलेल्याशी बोलतात, खालून घुसलेल्याशी बोलत नाहीत. वॉलेसने 'पाण्यातील सभ्यता' या नावाचा यावर तीन भागांत लेख लिहिला होता.

आणि बर्निसबाई! वय अठ्ठ्याहत्तर, चाळीस वर्षे शाळेची बस चालवलेली, मंडळाच्या संस्थापकांपैकी शेवटच्या उरलेल्या. त्या दर फेकीनंतर पाऊल टाकत खऱ्या, पण दोन फेकींच्या मध्ये नदीकडे बघत बसत. त्या वेगाने खडकापर्यंत पोचायला त्यांना सहा वाजले असते. त्यांच्यामागे लागणाऱ्याला अंधारच मिळाला असता.

वॉलेस काठावरच्या झुडपामागे दहा मिनिटे उभा राहिला. त्याने स्वतःला सांगितले, बाईंना आता नीट दिसत नाही. मग सांगितले, त्या निघायच्याच बेतात असतील. मग सांगितले, खडक इतका खाली आहे की ते वेगळेच पाणी धरायला हरकत नाही. यातले काहीही खरे नव्हते आणि ते त्याला माहीत होते. पण उद्या रात्री साठ माणसे काटे-चमचे खाली ठेवून त्याच्याकडे बघणार होती. तो झुडपाच्या आडून चोरासारखा खाली गेला आणि बाईंच्या खाली, चाळीस पावलांवर, पाण्यात उतरला.

पहिली फेक झाडात गेली. दुसरी पायाशी पडली. तिसरी मात्र कशी कोण जाणे सरळ सुटली, पार पलीकडे पडली आणि दोरी खडकाकडे वळू लागली. वळली, वळली, मंदावली. आणि थांबली.

तळाला अडकली, असे वॉलेसला वाटले. मग तळ चालू लागला.

काठी कमानीसारखी वाकली, रीळ किंचाळले आणि नदीच्या मध्यातून एक रुपेरी, वॉलेसच्या मांडीएवढा जाड मासा सगळाच्या सगळा हवेत आला. वॉलेसने जे केले ते 'मासा लागल्यावर काय करू नये' या लेखात पहिल्याच क्रमांकावर होते. त्याने रीळ घट्ट पकडले.

"हात काढ!" वरून आवाज आला. बसमध्ये मागच्या बाकावरच्या पोरांसाठी राखून ठेवलेला आवाज. "रिळावरचा हात काढ गाढवा! जाऊ दे त्याला! काठी वर!"

वॉलेसने हात काढला. मासा खाली पळाला. पन्नास हात दोरी गेली, शंभर गेली, खाली दगडांतून फेसाळणारे पाणी होते, तिथे पोचला की संपले. वॉलेस मोठ्याने बोलत होता, पण काय ते त्याला स्वतःला कळत नव्हते. नंतर बर्निसबाईंनी सांगितले, की तो माशाला 'प्लीज सर' म्हणत होता.

"चाल! खाली चाल त्याच्याबरोबर! उभा काय राहिलास?"

तो चालला, घसरला, एका गुडघ्यावर पडला, उठला. मासा थांबला. मग इंच इंच दोरी परत येऊ लागली. पुन्हा पळाला, पुन्हा आला. वीस मिनिटे झाली असतील किंवा एक वर्ष. शेवटी मासा उथळ पाण्यात आडवा झाला, तेव्हा चालायची काठी टेकत टेकत बर्निसबाई येऊन पोचल्या होत्या. त्यांनी वाकून शेपटीशी अलगद हात घातला आणि मासा धरला.

पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, छोटासा पर शाबूत होता. हौदातल्या पिल्लांचा तो कापून मगच सोडतात. म्हणजे हा सरकारी हौदात वाढलेला नव्हे, नदीतच जन्मलेला. असा मासा ठेवता तर येत नाहीच, पाण्याबाहेरही काढता येत नाही. फोटोसाठीसुद्धा नाही.

"मादी आहे," बाई म्हणाल्या. "चौतीस इंच. ये, तू धर. तोंड प्रवाहाकडे."

वॉलेसने गळ सोडवला आणि दोन्ही हात पाण्यात घातले. थंडीने बोटे बधिर झाली होती, तरी तिचे कल्ले हलताना त्याला कळत होते. मग एकदम तिने अंग आवळले आणि ती गेली. वॉलेस रडत होता. पाऊस पडत असल्याने ते दिसले नाही, असे त्याने धरून चालायचे ठरवले.

"पहिला?" बाईंनी विचारले.

"हो."

बाईंनी ओले हात कोटाला पुसले. मग त्या म्हणाल्या, "माझ्या खालून घुसलास," आणि काठी टेकत काठावर चढून निघून गेल्या.

शनिवारी वॉलेसपुढे असा पेच होता. मासा पकडला होता, खरा होता, गोष्ट सांगायला तो मोकळा होता. 'एका हिवाळ्यात', एवढेच म्हणायचे आणि साल मोघम ठेवायचे. साक्षीदार म्हणाल तर एकच, आणि बर्निसबाई गेली नऊ वर्षे जेवणाला आल्या नव्हत्या. तिथली कोंबडी कच्ची असते असे त्यांचे मत होते.

हॉलमध्ये शिरल्यावर वॉलेसला पहिल्याच टेबलावर हिरवी टोपी दिसली.

"तुझा रंग का उडालाय?" जोलीनने विचारले.

"कोंबडी," वॉलेस म्हणाला. त्याने तिला मासा सांगितला होता, उरलेले सांगायचा धीर झाला नव्हता.

कोंबडी आली, बटाटे आले, हकलबेरीची फळे भरलेला गोड 'पाय' कापायच्या आधी रसेल उठला, त्याने वॉलेसच्या कोटाला चांदीची माशी टाचली आणि साठ काटे-चमचे खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"चर्चखालच्या टप्प्यावर," वॉलेसने सुरुवात केली. "हिवाळ्यातली दुपार होती. पाणी हिरवं होतं. आणि टप्प्यावर मी एकटाच..."

"एकटाच?" बर्निसबाई म्हणाल्या.

फार मोठ्याने नाही. हातातल्या रुमालाची घडी करत, वर न बघता.

वॉलेसचे कान तापले, आणि एका पाळीला तर गुरुवारपासून पट्टी होतीच.

"एकटा नव्हतो," तो म्हणाला. "मिसेस ओकरलंड वर होत्या. मी त्यांच्या खालून घुसलो."

हॉलमध्ये असा आवाज झाला, जणू एकाच वेळी सगळ्यांना चटका बसला. कुणीतरी "वॉली!" म्हणाले.

"आणि हे काल झालं," वॉलेस म्हणाला. आता थांबण्यात अर्थ नव्हता. "काल. त्याच्या आधी तेरा हिवाळ्यांत एकही नाही. मी जे लिहिलं ते ऐकून, वाचून लिहिलं. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. ही माशी परत घ्या."

तो कोटाची पिन काढू लागला, पण ती कापडात अडकली, निघेना. रसेल लाल होऊन उठला. "मासा नव्हता हे एक वेळ सोडा," तो म्हणाला, "पण खालून? मंडळाच्या चिटणिसाने? बर्निसच्या?"

"रसेल, खाली बस," बर्निसबाई म्हणाल्या. "त्याचं सांगून झालेलं नाही. मी वर होते, मला नीट दिसलं नाही." त्या वॉलेसकडे वळल्या. "दुसऱ्यांदा धावली तेव्हा खडकाच्या कुठल्या बाजूने गेली रे?"

"डावीकडून," वॉलेस म्हणाला.

"माशी कुठली होती?" मागून एका म्हाताऱ्याला राहवले नाही.

"जांभळी. शेपटाला केशरी पीस."

"धरली कशी? ओढून की थांबवून?"

"थांबवून. मला वाटलं दगड आहे. मग दगड चालायला लागला."

साठ माणसे पुढे झुकली. वॉलेसने सांगितले. रीळ कसे धरले ते सांगितले, गाढव म्हणून मिळालेली हाक सांगितली, तिचे कल्ले बोटांना कसे लागले ते सांगितले. एकदा हॉल हसला आणि नंतर कुणीतरी रुमाल काढला. सांगता सांगता आपण कुणाच्या पुस्तकातले काही सांगत नाही, हे त्याच्या मध्येच लक्षात आले आणि त्याला इतके बरे वाटले, की तो पुढचे वाक्यच विसरला.

गोष्ट संपल्यावर टाळ्या पडल्या. मग कायदा तो कायदा, म्हणून रसेलने ठराव मांडला, की खालून घुसल्याबद्दल चिटणिसांना पदावरून दूर करण्यात यावे. हात वर झाले. हात मोजणे हे चिटणिसाचे काम, म्हणून ते वॉलेसने मोजले. आपलाही वर केलेला धरून सगळेच्या सगळे भरले. जोलीन सभासद नव्हती, पण तिनेही निळ्या ड्रेसमधला हात वर केला होता. तो त्याने वगळला.

लोक गोड खायला उठले तशा बर्निसबाई काठी टेकत त्याच्याजवळ आल्या. अजून अडकून बसलेली पिन त्यांनी एका झटक्यात काढून टेबलावर ठेवली.

"सीझनला अजून चार दिवस आहेत," त्या म्हणाल्या.

"हो."

"उद्या सहाला ये, चर्चखाली. माझ्या मागून."